कॉम्प्युटरला वाहिलेलं सोनं

२० ऑक्टोबर १९८८, गुरुवार. दसरा

जुनी वही काल संपली. नवी विकत आणली नाही. ह्यांच्या प्रिंटरमधून बिघडून आलेले कागद मी वर्षभर साठवते आहे. त्यांच्या दोन्ही कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडल्या, कोरी बाजू वर घेतली आणि सुईदोऱ्याने वही शिवली. कागद पातळ आहे. मागच्या बाजूची कामगारांची नावं पुढे सावलीसारखी उमटतात आणि त्या सावल्यांवरून माझं लिहिणं चालतं. असू दे. त्यांना कुठे वाचायचं आहे.

पाटावर विळी, कात्री, ह्यांची फूटपट्टी मांडून पूजा केली. कॉम्प्युटर पाटावर येत नाही, म्हणून तबक घेऊन मीच त्याच्याकडे गेले. हे मार्तंडरावांच्या घरी सोनं द्यायला गेले होते. कांदिवलीच्या ज्या तीन कारखान्यांचे पगाराचे कागद हे करतात, त्यांतला सगळ्यात मोठा त्यांचा. कुंकवाचं बोट पत्र्याला लावलं, काचेला नाही, तसं ह्यांनी बजावलं होतं. झेंडू वाहिला. सोनं डोक्यावर ठेवलं तर पंख्याने उडालं. दोनदा उडालं. मग फ्लॉपी घालायची फट असते तिच्यात आपट्याचं पान अलगद खोचलं, देठ बाहेर ठेवून. सणाच्या दिवशी तोंड रिकामं कशाला ठेवायचं?

हात जोडले आणि म्हटलं, बाबा रे, तू आमचं पोट भरतोस, पण ह्यांना जरा उसंत दे. गिरणीच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं हजेरी घेतली तेव्हा हे कधी इतके थकले नव्हते. गिरणी गेली, मग मिळेल ते केलं. मागच्या वर्षी आपल्या लेकीहून लहान पोरांच्या बाकावर बसून हे काम शिकले आणि गिरणीतून आलेल्या पैशांत हा जुना कॉम्प्युटर घेतला. आता दिवाळीच्या बोनसचे कागद. एकशे चाळीस माणसं, धनत्रयोदशीच्या आत. पहाटेपासून जेवणापर्यंत बसलेले असतात. झोपेतसुद्धा बोटं चादरीवर चालतात.

एवढंच मागितलं. माडी, गाडी काही मागितलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार. एकादशी

कॉम्प्युटर उठला नाही.

साडेपाचला हे बसले, खोलीत अजून उजाडलं नव्हतं. मी चूल... गॅस पेटवत होते. (हात अजून चूलच लिहितो.) रोजचा आवाज आला. आधी पंखा, पलीकडच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा. मग ह्यांनी फ्लॉपी आत सारून खटका लावल्याचा आवाज. त्यानंतर जी हलकी खरखर होते ती झालीच नाही. घर्र, घर्र असं काहीतरी भलतंच आलं.

"अगो, तू प्लगाला हात लावलेलंस?"

"मी कशाला लावू? काल तर बंदच होता."

प्लग काढला, घातला. स्टॅबिलायझरचा काटा बघितला. फ्यूज बदलला. परत घर्र. पडद्यावर हिरव्या अक्षरांत येतं की फ्लॉपी वाचता येत नाही, दुसरी घाला.

ह्यांनी मला एकदा समजावलं होतं ते लिहून ठेवते. आमच्या कॉम्प्युटरला स्वतःची आठवण नाही. मोठ्या ऑफिसातल्यांना असते, हा गरीब आहे. रोज सकाळी ती काळी चकती तोंडात घालायची, ती वाचून त्याला कळतं आपण कोण आणि आपलं काम काय. संध्याकाळी बटण बंद केलं की पुन्हा सगळं पुसून स्वच्छ. तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता. आज कीव आली.

त्याच मजकुराच्या चार फ्लॉप्या ह्यांनी करून ठेवल्या आहेत. एक दगा देईल तर दुसरी. दुसरी घातली. तीही वाचेना.

उपासाचं केलं, हे दोन घास खाऊन उठले. निर्माल्य गोळा केलं. झेंडूची फुलं सगळी मिळाली. कॉम्प्युटरचं सोनं दिसलं नाही, केरात गेलं असेल.

२२ ऑक्टोबर, शनिवार

वाण्याकडून कंपनीला फोन केला. कॉम्प्युटर बघायला येतो तो अंबादास नागपूरला गेला आहे. आला तरी आधीची कामं आहेत, शुक्रवारच्या आत नाही.

शेजारची सुहासिनी विरजण मागायला आली. तिला सगळं कळलेलंच होतं.

"काय गं रत्ना, सवत आजारी पडली म्हणे तुझी?"

"सवत काय म्हणतेस! अन्न देते ती."

"तेच म्हणते मी. तुला कधी एवढं न्याहाळलंय का भावोजींनी? पहाटे उठून हिचंच तोंड. आता जरा तुझं बघतील."

"माझं बघून बोनस निघत नाही."

ती हसत गेली. विरजणाची वाटी घेऊन गेली ती माझी, लक्षात ठेवायला हवं.

२४ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

तिसरी फ्लॉपी शनिवारीच गेली. चौथी ह्यांनी दोन दिवस डब्यातून काढली नव्हती. आज आंघोळ करून, देवाला नमस्कार करून घातली. मी दारात उभी होते. घर्र.

हे ओरडले नाहीत. फ्लॉपी काढली, पाकिटात घातली, पाकीट डब्यात, डब्याला झाकण. मग स्वतःचे दोन्ही हात उताणे करून बघत बसले.

"माझ्याच हातात काहीतरी असात," म्हणाले. "गिरणीत शेवटच्या दिवशी हजेरीबुकावर रेघ मीच मारलंय."

"साहेबांनी सांगितली म्हणून मारलीत."

"हात माझोच होतो."

मालवणी आलं की समजावं, माणूस आत कुठेतरी गेला आहे. आटवलेलं दूध दिलं. प्याले. चांगलं झालंय का, सांगितलं नाही. चारोळी आहे ना त्यात, एवढंच विचारलं. नव्हती.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

हे सकाळीच बाहेर पडले. कंपनीत चौकशीला जातो म्हणाले.

दुपारी सगळा मजला झोपतो. नळ बंद, रेडिओ बंद, खाडीवरून वारा येतो आणि वाळत घातलेल्या साड्या एकमेकींशी कुजबुजतात. मला झोप येईना. कॉम्प्युटरवरचा अभ्रा काढला. (जुन्या परकराचा मीच शिवला आहे.) काळ्या काचेत माझं तोंड दिसलं, आजोळच्या विहिरीत वाकून बघितलं की दिसायचं तसं. लांब आणि थंड.

बटण दाबलं. ह्यांनी कधी नको म्हटलेलं नाही. कर असंही म्हटलेलं नाही.

जे झालं ते मांडून ठेवते, येणाऱ्या माणसाला सांगता येईल.
पंखा लागला. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात आकडे चढू लागले, माळ ओढल्यासारखे, एकेक मणी. ६४० ला थांबले. एकदा टुण् वाजलं. फटीजवळचा लाल दिवा लागला. आत फ्लॉपी नव्हती तरी घर्र. मग तेच वाक्य.

परत बंद करून लावला. परत ६४०, परत एकच टुण्. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. म्हणजे मोजणं त्याला पाठ आहे. मोजून झालं की पुढे काय, ते आठवत नाही.

बघता बघता डोळा लागला बहुतेक. पडदा म्हणजे तळं झालं होतं, हिरवं. आकडे मासळीसारखे तळाशी फिरत होते. काठावर हे बसून हजेरी घेत होते, एकेक नाव हाक मारून, आणि पाण्यातून कुणीच "हजर" म्हणत नव्हतं. मी म्हणू का, असं मला वाटत होतं. पण माझं नाव काही येईना.

जागी झाले तेव्हा पंखा चालूच होता. घाईने बंद केला. विजेचं बिल.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

देवळात जाऊन आले. अकरा प्रदक्षिणा घातल्या.

ह्यांचा सदरा भिजवताना खिसा चाचपला. होडीची तिकिटं निघाली, गोराईच्या खाडीची. कालची दोन, परवाची दोन. चपलांना खारट चिखल. गोराईत नवं गिऱ्हाईक मिळालं असावं. तिकडे कसला कारखाना आहे, मिठागराचं ऑफिस असेल. झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा ह्यांचा स्वभावच आहे. बरं वाटलं. तिकिटं जमाखर्चात चढवली.

पण जेवताना म्हणाले, "जुहूला एका इमारतीत वॉचमन हवाय. एक तारखेपासून. मी हो म्हटलंय."

"आणि बोनस?"

"मार्तंडरावांना सांगेन दुसरा बघा म्हणून. अंबादास येऊन कॉम्प्युटर नीट करेल, मग विकून टाकू. यंत्र शिकलेल्याच्या हातात शोभतं."

"तुम्ही शिकलात की."

"चार फ्लॉप्या मारल्या मी, रत्ना. एक मेली तेव्हाच थांबायला हवं होतं. शिकलेला माणूस थांबला असता."

मी भात वाढला. वॉचमनच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण पन्नाशी ओलांडलेला हा माणूस दुसऱ्याच्या फाटकाशी उभा राहील आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या वेळा मनातल्या मनात मांडत राहील, कुणी विचारणार नसताना. ते मला दिसलं आणि माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी

अंबादास आला. हे घरी नव्हते.

घाटकोपरचा आहे, विशीपंचविशीतला, सडसडीत, हातात पत्र्याची पेटी. चपला बाहेर काढून आला. नागपूरला कुणाच्या घरी गेला होतास, असं सहज विचारलं. म्हणाला, "दीक्षाभूमीवर, काकू. दसऱ्याला दर वर्षी आई-बाबांना घेऊन जातो." मग मला कळलं. चहा गाळताना फळीवरच्या कपांकडे माझा हात क्षणभर थांबला. खोटं का लिहू, थांबला. मग माझीच मला शरम वाटली आणि पाहुण्यांचा कप काढला. त्याने काही पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल, ही मुलं पाहून घेतात आणि बोलत नाहीत.

"काय होतं नेमकं?" त्याने विचारलं. मी मंगळवारचं पान वाचून दाखवलं. तो ऐकता ऐकता थांबला.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. उगाच आपलं."

"अहो काकू, कंपनीत लावतो तुम्हाला! गिऱ्हाईक नुसतं 'चालत नाही' म्हणतं. सहाशे चाळीस मोजले, एकच टुण्, म्हणजे याचं डोकं ठीक आहे, पोट ठीक आहे. तोंडात काहीतरी आहे. झकास, माझा तास वाचवलात."

स्क्रू काढले. ती फट ज्या डबीला आहे ती डबी बाहेर ओढली, बॅटरी तोंडात धरून आत बघितलं. मग चिमट्याने एक काडी काढली. मग तपकिरी चुरा. मग एक तुकडा, जरा मोठा. माझ्या वर्तमानपत्रावर सगळं नीट जुळवून ठेवलं त्याने, खेळल्यासारखं.

दोन पाकळ्यांचं पान. मधे शीर.

"आमच्यात त्या दिवशी पानं वाटत नाहीत, काकू," तो हळूच म्हणाला, "पण आपटा मी ओळखतो."

मी खाली बसले. एकवीस तारखेच्या पहाटे अंधारात ह्यांनी फ्लॉपी सारली आणि माझं सोनं तिच्याबरोबर आत गेलं. वाळलं, चुरा झाला आणि जी फ्लॉपी येईल तिला ओरबाडत राहिलं. अंबादासने चारही उजेडात धरून दाखवल्या. प्रत्येकीवर एक बारीक गोल रेघ.

"यांच्यातलं काही परत येईल?"

"नाही. सुरू व्हायची फ्लॉपी मी देतो, पगाराचा प्रोग्राम आमच्याकडे आहे. नावं, हजेऱ्या, दर, सगळं पुन्हा भरावं लागेल."

त्याने कापसाने आतलं पुसलं, डबी बसवली, आपली फ्लॉपी घातली. खरखर झाली, बरोबर तीच. हिरवं अक्षर उगवलं आणि लुकलुकायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता.

"ह्यांना सांगू नकोस," मी म्हटलं.

"मी काय सांगणार? धूळ होती म्हणेन."

पाचच्या सुमारास हे आले. अंबादास पेटी आवरत होता. "झाला चालू, काका. धूळ अडकली होती."

वाटलं होतं, हे हसतील. ह्यांनी मान हलवली. "धूळ. म्हणजे मीच. रोज पुसायला हवं होतं, तिथेच सांगितलं होतं क्लासात." आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

अंबादासने माझ्याकडे पाहिलं. मी चंद्रोदयाची वेळ बघायला कॅलेंडरकडे वळले.

२९ ऑक्टोबर, शनिवार

कॉम्प्युटर चालू आहे आणि हे त्याच्याकडे बघत नाहीत. अभ्राही माझ्याकडून घालून घेतला. मार्तंडरावांनी हजेरीचे सगळे कागद माणसाकरवी पाठवले आहेत, ते गठ्ठ्यात तसेच आहेत. मोठा माणूस, वर ह्यांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आहे, 'घाडी, सातव्या तारखेपर्यंत तुमचीच वाट बघतो.'

मला कसली भीती आहे ते मांडून बघते. रागावतील? रागावू देत. एकोणतीस वर्षांत चारदा ओरडले असतील. पण पान सांगितलं की मागणंही सांगावं लागेल. मी उसंत मागितली आणि तीच मिळाली, मागितली तशी, जराही कमी नाही. देवाने माझं ऐकलं की माझ्या बावळटपणाने केलं? दोन्हींतलं कुठलं बरं, तेच ठरत नाही. पोथी उघडली. अक्षरं दिसली, अर्थ लागला नाही.

३० ऑक्टोबर, रविवार

सुहासिनी माझी वाटी परत द्यायला आली. आत साखर घालून आणली होती. दार लोटून घेतलं तिने.

"रागावू नको हां रत्ना. आमचे हे काल गोराईला गेले होते, मासळी आणायला. भावोजी दिसले त्यांना होडीत."

"हो, तिकडे गिऱ्हाईक आहे त्यांचं."

"कसलं गिऱ्हाईक! होडी पलीकडे लागली, सगळे उतरले, हे बसूनच. तशीच होडी परत आली. आमच्या ह्यांनी हाक मारली तर वळून बघितलं नाही. होडीवाला म्हणाला, रोजचे आहेत."

मी साखर डब्यात ओतली. दोन तिकिटं. जायचं एक, यायचं एक. आठवड्याभराची मी मांडून ठेवली होती आणि बेरीज केली नव्हती.

"तू बोल गं त्यांच्याशी," सुहासिनी म्हणाली. या वेळी थट्टा नव्हती.

३१ ऑक्टोबर, सोमवार

सगळं नीट लिहायचं आहे.

जेवण झाकून ठेवलं, कुलूप लावलं आणि धक्क्यावर गेले. उन्हं उतरती होती. भरती होती, काठची तिवरांची झुडपं निम्मी पाण्यात, जशी कुणी सांजेला पदर खोचून उभी असावीत. हे होडीत बसलेले होते, पुढच्या टोकाला. मी चढले.

"तू?"

"मीच."

"तिकीट काढलंस?"

"काढलं."

होडीवाला हसून म्हणाला, "आज काका जोडीनं!" मासळीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन बायका, एक सायकल आणि आम्ही. होडी सुटली.

काठ मागे सरकल्यावर मी सांगितलं. घरात सांगता आलं नसतं. पाण्यावर शब्दांना वजन नसतं बहुतेक.

"ती धूळ नव्हती. आपट्याचं पान होतं. दसऱ्याला मी फटीत खोचलं होतं. तुम्ही अंधारात फ्लॉपी सारलीत, ते आत गेलं. चारही त्यानेच ओरबाडल्या."

हे पाण्याकडे बघत राहिले. "कुठलं पान?"

"सोनं हो. कॉम्प्युटरला दिलं मी."

"अंबादास धूळ म्हणाला."

"मी सांगितलं त्याला तसं. चुकलं माझं."

एक बगळा आमच्याबरोबर उडत आला आणि कंटाळून वळला. मग हे माझ्याकडे न बघता, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माझ्या हातान नाय मां?"

"नाय."

"खरा सांग."

"देवाशप्पथ. तुमच्या हाताने एकसुद्धा नाही."

मी रागाची वाट बघत होते. तो आलाच नाही. तेव्हा उरलेलंही सांगून टाकलं. पान खोचताना काय मागितलं ते. हे हळूहळू वळले.

"उसंत?"

"हो. तुमची बोटं झोपेतही थांबत नव्हती."

ह्यांनी होडीच्या काठावर तळवा टेकवला, पाणी लागेल इतका खाली. "त्या सकाळी बंद पडला ना," म्हणाले, "तेव्हा पहिलं काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. वाटलं, आज निजता येईल. आणि मग एकामागून एक फ्लॉप्या गेल्या. म्हटलं, आपल्या मनातलं लागलं त्याला. ज्याला आपलं काम नको झालं त्याच्या हाताला यंत्र कसं साथ देईल? गिरणीतसुद्धा शेवटी शेवटी मला असंच व्हायचं."

पलीकडचा धक्का आला. बायका उतरल्या, सायकल उतरली. आम्ही दोघं बसून. होडीवाल्याने परतीच्या तिकिटांचे पैसे घेतले.

परतताना ऊन पाठीवर होतं. हे म्हणाले, "एकशे चाळीस माणसं. सात दिवस. नावापासून."

"मी कागद वाचते, तुम्ही भरा."

"तुला जमात?"

"मॅट्रिक आहे मी."

"दिवेलागणीला उठायचं मात्र. मग तू म्हणालीस तरी बसणार नाही."

"मी कशाला म्हणेन?"

धक्क्यावर उतरताना ह्यांनी मला हात दिला. लग्नानंतर आम्ही दोघं मिळून होडीत पहिल्यांदाच बसलो होतो, आता लिहिताना लक्षात आलं. जुहूला वाण्याकडून फोन करून नाही म्हणून कळवलं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस लिहायला वेळ नाही.

मी वाचते, नाव, नंबर, हजर दिवस, दर. हे भरतात. दोन कारखाने झाले. मार्तंडरावांचे बासष्ट आज घेतले. माझा आवाज बसला, खडीसाखर तोंडात धरली आहे. पण हे गप्पच असतात. "पुढे." "पुढे." एवढंच. हात चालतात, माणूस अजून होडीतच आहे असं वाटत होतं. चुकलं की खोडतात, नि माझ्याकडे अपराध्यासारखं बघतात.

आज अकराच्या सुमाराला मी एका माणसाचा एक असे कागद उलटत वाचत सुटले. सहासात नावं झाली असतील. एकदम ह्यांचे हात थांबले.

"अगो! धाकू खंय?"

"कोण धाकू?"

"कोण काय कोण! धाकू परब! लेथ मशीनवरचा! खंडूनंतर धाकू येतो, मग चंद्रप्रकाश! तू खंडूवरून थेट चंद्रप्रकाशावर उडी मारलीस! त्या माणसाचा अख्ख्या वर्षाचा बोनस गिळलास की तू! डोळे कुठे ठेवलेस? हे पूजेतलं आवर्तन नव्हे, एक राहिलं तर चालायला!"

पलीकडून सुहासिनीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी पान मागे उलटलं. दोन कागद एकमेकांना चिकटले होते, मधे धाकू परब, नंबर एकतीस, हजर दिवस दोनशे नव्वद. कागद सगळे माझ्या हातात होते. ह्यांच्यापुढे नुसता पडदा.

"आहे," मी म्हटलं. "चिकटला होता."

"चिकटला होता म्हणे! त्याच्या पोरीचं लग्न आहे मार्गशीर्षात. वाच. हळू वाच. आणि चहा ठेव."

"दोन्ही एकदम कसं करू?"

"आधी धाकू!"

मी धाकू वाचला. पुढचं नाव मी मुद्दाम जरा थांबून घेतलं. माझ्या आधी ह्यांनीच म्हटलं, "चंद्रप्रकाश," आणि बोटं चालू लागली.